घरपट्टीला टेप लावता, मग पंचनाम्याला का नाही?

पोस्ट मोठी आहे, आणि थोडी आकडेमोड आहे. पण कोकणात ज्याच्या डोक्यावर कौल किंवा पत्रा आहे, त्याने पावसाआधी वाचावीच. स्लॅबवाल्यांनीही वाचा. तुमचं स्वतःचं नसलं तरी गावचं घर आहेच की.

गेल्या वर्षी वळवाच्या वादळात आमच्या नात्यातल्या एका काकींच्या घराचं छप्पर गेलं. घर चिऱ्याचं, भिंती ठणठणीत. पण वरची अर्ध्याहून जास्त कौलं खाली आली, पुढच्या पाखाचे वासे मोडले. काकी एकट्याच राहतात, मुलगा मुंबईला. दोन दिवसांनी पंचनामा झाला. मी तिथे होतो. पंचनामा करणारे रस्त्यावरूनच वर बघत होते. अंगणात आले, फोनवर दोन फोटो काढले आणि लिहिलं, 'घराच्या छपराचे अंशतः नुकसान.' काकींनी सही केली. मी विचारलं, "साहेब, किती कौलं गेली ते लिहिलंत का?" ते म्हणाले, "तसं लिहायची पद्धत नाही. अंशतः म्हटलं की झालं."

काही महिन्यांनी काकींच्या खात्यात 6,500 रुपये आले.

गावाचं नाव घेत नाही, त्या कर्मचाऱ्याचं तर नाहीच. तो माणूस वाईट नव्हता. त्याच्याकडे तीन दिवसांत दीडशे-दोनशे घरं होती, त्याचं स्वतःचं जेवण झालेलं नव्हतं. प्रश्न त्याचा नाहीच. छप्पर ही मोजता येणारी वस्तू आहे, आणि आपली सगळी यंत्रणा ती न मोजता मदत ठरवते, हा प्रश्न आहे. वीस वर्षं बातम्या देतोय, पण हे एवढं साधं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. त्या दिवशी काकींसाठी कौलांचा हिशेब करायला बसलो तेव्हा आलं.

तो हिशेब आधी सांगतो. म्हणजे पुढचा राग कशाचा आहे ते कळेल.

समजा घर भिंतीपासून भिंतीपर्यंत 30 फूट लांब आणि 20 फूट रुंद आहे. खाली जमीन 600 चौरस फूट. बहुतेक जण इथेच चुकतात. दुकानात जातात, "सहाशे फुटांचं घर आहे, कौलं द्या" म्हणतात. दुकानदार 600 ला गुणतो आणि गाडी भरतो. मग काम अर्ध्यावर आल्यावर कळतं की माल संपला. पुन्हा टेम्पो, पुन्हा भाडं, गवंडी-सुताराचा एक दिवस फुकट, आणि नेमका त्याच दिवशी पाऊस.

कारण छप्पर जमिनीएवढं नसतं. एक तर ते भिंतीच्या बाहेर येतं. कोकणात पावसाचा झोत भिंतीवर येऊ नये म्हणून चारी बाजूंनी दोन-दोन फूट तरी बाहेर काढतात. म्हणजे 30 बाय 20 चं घर वरून 34 बाय 24 होतं. दुसरं म्हणजे ते तिरकं असतं. आढ्यापासून वळचणीपर्यंत सरळ आडवं मोजलं तर 12 फूट, पण वासा तिरका उतरतो. आढं वळचणीपेक्षा सात फूट उंच असेल तर बाराचा वर्ग 144, साताचा वर्ग 49, बेरीज 193, आणि त्याचं वर्गमूळ जवळजवळ 14. शाळेत पायथागोरस कशाला शिकवला, याचं उत्तर इथे आहे. गणित नको असेल तर सरळ आतून वाशाला टेप लावा. तोही 14 फूटच सांगेल.

तर एक पाख 34 गुणिले 14, म्हणजे 476 चौरस फूट. दोन पाखं मिळून 952. घर सहाशेचं, छप्पर साडेनऊशेचं. दीडपटीहून जास्त!

मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण 15 लागतात, म्हणजे शंभर चौरस फुटांना 140 धरा. 952 फुटांना झाली 1,333. वाहतुकीत, चढवताना, कापताना थोडी फुटणार, म्हणून पाच टक्के वर धरा. 1,400. जमिनीच्या मापाने गेलात तर 840 आणली असती. साडेपाचशेहून जास्त कौलांचा घोळ. शिवाय आढ्यावरची कौलं वेगळी, ती आढ्याच्या लांबीवर मोजायची. रिपा फूटभर अंतराने मारल्या तर दोन्ही पाखांना मिळून साधारण हजार फूट रीप लागते. पडवी असेल तर तिचं पाख वेगळं मोजा, तिचा उतार वेगळा असतो. चौपाखी घर असेल आणि उतार चारी बाजूंना सारखाच असेल, तर क्षेत्रफळ तेवढंच येतं, फक्त कोपऱ्यावर कौलं कापावी लागतात म्हणून तूट जास्त धरा.

पत्रा घालणार असाल तर त्याचा हिशेब वेगळा. रंगीत पत्रा साडेतीन फूट रुंद म्हणून विकतात, पण एकावर एक चढल्यावर झाकतो सव्वातीन फूटच. 34 फुटांच्या लांबीला दहा पत्रे पुरत नाहीत, अकरा लागतात. दोन पाखांना 22, प्रत्येकी 14 फुटी. सहाशे फुटांच्या मापाने गेलात तर दुकानदार 13 देऊन मोकळा होईल. बावीस कुठे, तेरा कुठे!

एवढंच गणित आहे. सहावी-सातवीचं पोरगं करेल. टेप लागतो, कागद लागतो आणि पंधरा मिनिटं लागतात.

आता मुद्द्यावर येतो.

आपत्तीत घराचं नुकसान झालं की मदत राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येते आणि तिचे निकष केंद्र सरकार ठरवतं. 2022-23 ते 2025-26 या काळासाठीच्या निकषांत आकडे असे आहेत: घर पूर्ण पडलं तर सपाट भागात 1 लाख 20 हजार. अंशतः, म्हणजे किमान 15 टक्के नुकसान झालं, तर पक्क्या घराला 6,500 आणि कच्च्या घराला 4,000. राज्य सरकार कधी त्यात स्वतःची भर घालतं, कधी घालत नाही, ते त्या त्या वेळच्या शासन निर्णयावर. मोठं वादळ आलं, टीव्हीवर दिसलं, मंत्री येऊन गेले, तर भर पडते. काकींच्या गावासारखं चार वाड्यांवरचं वळवाचं वादळ असेल तर मूळ निकष.

आता हे 6,500 आपल्या छपराला लावून बघा.

पंधरा टक्के छप्पर गेलं, म्हणजे 200 कौलं. 6,500 भागिले 200, एका कौलामागे साडेबत्तीस रुपये. बरं, काहीतरी हाताशी आलं.

अर्धं छप्पर गेलं, म्हणजे 667 कौलं. एका कौलामागे पावणेदहा रुपये.

भिंती उभ्या आहेत पण सगळं छप्पर गेलं, 1,333 कौलं. घर 'पूर्ण पडलं' असं कोणी लिहीत नाही, कारण भिंती दिसतात ना! मग 'अंशतः'. एका कौलामागे 4 रुपये 88 पैसे.

आणि घर मातीच्या भिंतींचं असेल तर 4,000 भागिले 1,333. एका कौलामागे बरोब्बर तीन रुपये. तीन रुपयांत आमच्या एसटी स्टँडवर चहाही मिळत नाही.

यात वासे नाहीत, रिपा नाहीत, सुताराची मजुरी नाही, टेम्पो नाही. नुसतं कौल.

रक्कम कमी आहे हा तर मुद्दा आहेच, पण तो सगळेच मांडतात. मी दुसरी गोष्ट सांगतोय. ज्याची दोनशे कौलं गेली त्याला जेवढे, तेवढेच ज्याची तेराशे गेली त्याला. नुकसान साडेसहापट, मदत तीच. हे घडतं कारण कागदावर 'किती' हा शब्दच नाही. पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, बातमीत काय, कुठे, कधी, कोण, का आणि किती हे आलंच पाहिजे. 'किती' नसेल तर उपसंपादक बातमी परत करायचा. मी आजवर जे पंचनामे पाहिले त्यांत 'किती' एकदाही नीट लिहिलेलं नव्हतं. आणि त्यावर सरकारी पैसा वाटला जातो.

आणखी विचारतो. किमान 15 टक्के म्हणजे कशाचे 15 टक्के? घराच्या किमतीचे, भिंतीसकट सगळ्या बांधकामाचे, की छपराचे? अंगणात उभं राहून हे कसं ठरतं? एका वाडीत शेजारी-शेजारी दोन घरं, दोघांची सारखीच कौलं गेली, एकाला मदत आणि एकाला 'पंधरा टक्के होत नाही' असं उत्तर, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दोघांत पुढे बोलणं बंद झालं. ज्याला मिळाले त्याने वशिला लावला असं दुसरा अजून म्हणतो. वशिला नव्हता हो, नजर होती. पण माप नसलं की नजरेलाच लोक वशिला म्हणतात, आणि त्यांचं चूक कसं म्हणणार?

यावर साहेब लोकांचं एक ठरलेलं उत्तर असतं. मला ते अनेकदा मिळालंय. "ही मदत आहे, नुकसानभरपाई नाही." मान्य. निकषांचा हेतू तात्काळ दिलासा देण्याचा आहे, घर बांधून देण्याचा नाही. पण मदत असली म्हणून ती मोजून देऊ नये, असं कुठे लिहिलंय? रेशनचं धान्यही मदतच आहे. तिथे दुकानदार पोत्याकडे बघून 'अंशतः तांदूळ' देतो का? माणशी किलोचा हिशेब असतो, मशीनवर अंगठा असतो.

दुसरं उत्तर, "एवढी घरं कोण मोजत बसणार? माणसंच नाहीत." हे मला अर्धं पटतं. पण आता मथळ्यातला प्रश्न विचारतो. ग्रामपंचायत घरपट्टी कशी लावते? नमुना नंबर 8 काढून बघा. तुमच्या घराचं क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, सगळं तिथे आहे. पडवी वाढवली, न्हाणीघर बांधलं, तर पुढच्या आकारणीत ते बरोबर दिसतं. म्हणजे घ्यायचं असतं तेव्हा चौरस फूट मोजता येतो. द्यायचं असतं तेव्हा मात्र माणसं नसतात, वेळ नसतो, टेप नसतो. तेच घर, तेच गाव.

आणि गंमत बघा. काकींनी शेवटी कौलांचा नाद सोडला, पत्रा घातला. कौलं मिळेनात, मिळाली तर जुन्यांशी साचा जुळेना. पत्र्यावर 18 टक्के जीएसटी. समजा त्यांना मिळालेले सगळे 6,500 पत्र्यातच घातले, तर त्यातले 991 रुपये कर म्हणून गेले. एका हाताने साडेसहा हजार दिले, दुसऱ्या हाताने हजारभर परत घेतले. बाकीचे पैसे मुलाने मुंबईत पतपेढीतून काढले.

तुम्ही म्हणाल, तक्रार करणं सोपं आहे, उपाय सांगा. उपाय नवा शोधायचाच नाही, सरकारने स्वतःच केलेला आहे. जुलै 2021 च्या महापुरानंतर, महाड-चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा, राज्य सरकारने घरांच्या मदतीला टप्पे केले. 15 टक्के नुकसानीला 15 हजार, 25 टक्क्यांना 25 हजार, 50 टक्क्यांना 50 हजार, पूर्ण घर गेलं तर दीड लाख. म्हणजे अंशतः नुकसानीत एका टक्क्याला एक हजार. आपल्या छपराला लावून बघा: 200 कौलांना 15 हजार, 667 कौलांना 50 हजार. दोन्हीकडे कौलामागे 75 रुपये येतात, म्हणजे वासा-रीप-मजुरी धरून काहीतरी अर्थ लागतो. जास्त नुकसानीला जास्त मदत. इतकी साधी गोष्ट. ती कायमची का नाही? वाऱ्याने छप्पर नेलं तर त्या माणसाचं नुकसान टक्क्यांत मोजता येत नाही की काय?

ते टप्पे वादळासाठीही आणि कायमचे करा. आणि टक्का ठरवताना छप्पर वेगळं मोजा. माझी मागणी एवढीच आहे. पंचनाम्यात चार आकडे सक्तीचे करा: छपराची लांबी, वाशाची लांबी, एकूण कौलं किंवा पत्रे, गेलेली कौलं किंवा पत्रे. चौथ्याला तिसऱ्याने भागा, टक्का आला. त्याला तंत्रज्ञान नको, ॲप नको, सल्लागार नको.

हे सरकार उद्याच करेल असा माझा भाबडा समज नाही. म्हणून आपण काय करायचं ते सांगतो, आणि हे पावसाआधीच करायचं.

पहिलं, या रविवारी छप्पर मोजा. लांबी वळचणीच्या टोकापासून टोकापर्यंत, भिंतीपासून नाही. वाशाची लांबी आतून. कौलं मोजायची तर एका पाखावर आडव्या रांगेत किती आणि उभ्या रांगा किती, गुणाकार करा. पत्रे तर दिसतातच. सगळं वहीत लिहा, तारीख घाला. कृपा करून निसरड्या कौलांवर चढू नका, खालून आणि आतून सगळं मोजता येतं.

दुसरं, चारी बाजूंनी फोटो काढा. आत्ता, छप्पर धड असताना. वादळानंतरचे फोटो सगळेच काढतात, आधीचा कोणाकडेच नसतो. मग 'आधीपासूनच मोडकं होतं' म्हणणाऱ्याला उत्तर नसतं.

तिसरं, या मापाचा कागद अर्जासोबत ग्रामपंचायतीत द्या आणि आवक क्रमांकाची पोच घ्या. पन्नास घरांनी दिला तर ग्रामसभेत विषय घ्यावाच लागेल. घराची नोंद नमुना 8 ला नीट आहे का तेही बघून घ्या, कारण निकषांत घर अधिकृत असल्याची अट आहे. वडिलांच्या, आजोबांच्या नावावर राहिलेली घरं इथेच अडकतात.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं, पंचनाम्यावर सही करण्याआधी वाचा. 'अंशतः' एवढंच लिहिलं असेल तर नम्रपणे सांगा, "भाऊ, एकूण 1,333 पैकी 700 कौलं गेली, तेवढं लिहा." नाही लिहिलं तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा आणि मग सही करा. प्रत मागा, किमान फोनवर फोटो काढून घ्या. भांडू नका. तो तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) तुमच्याएवढाच भिजलेला असतो. त्याला आकडा तयार दिलात तर त्याचंही काम सोपं होतं.

3 जून 2020 ला निसर्ग आलं तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला मी पाहिलंय, माणसं दुसऱ्याच्या बागेत आपले पत्रे शोधत होती. लॉकडाऊन, लाईट नाही, फोन नाही, आणि पत्र्याच्या दुकानासमोर रांग. त्या रांगेत कोणालाच आपल्याला किती पत्रे लागतात हे नक्की माहीत नव्हतं. कोणी दहा नेले आणि परत आला, कोणी चाळीस नेले आणि शेजारी ताडपत्रीखाली राहिला. वर्षभरात तौक्ते आलं. आपण शिकलो काय? ताडपत्री आधी घेऊन ठेवायला. बस.

काकींना मी परवा फोन केला. म्हटलं, तुमच्या छपरावर लिहितोय, चालेल ना? त्या म्हणाल्या, "लिही. पण नाव घालू नको. आणि एक विचार त्यांना, माझी कौलं कोणी मोजलीच नाहीत, तर मग ते साडेसहा हजार कशाचे होते?"

मी विचारतोय. आमदार, खासदार, पालकमंत्री, जिल्हा प्रशासन, जे कोणी ही पोस्ट वाचत असतील त्यांना विचारतोय. उत्तर कॉमेंटमध्ये दिलंत तरी चालेल.

आणि बाकीच्यांनी 'दादा भारी लिहिलंय' एवढंच लिहून पुढे जाऊ नका. आपल्या छपराचं माप टाका: लांबी, वासा, कौलं किती. गावाचं नाव लिहा, घरमालकाचं नको. बघू तरी, आपल्या तालुक्यात किती जणांना स्वतःच्या डोक्यावर काय आहे ते माहीत आहे.